वाचकांचे प्रश्न : हवेतून येणारे ब्रॉडबँड

बिनतारी ब्रॉडबँडचा गावांत आणि शहरांत होणारा विस्तार या विषयावर प्रश्न पाठवण्याचे आवाहन आम्ही केले होते. आलेल्या पत्रांचे आपोआपच दोन गठ्ठे झाले. शहरातल्या पत्रांत गाऱ्हाणे होते गर्दीचे, गावाकडच्या पत्रांत अंतराचे. तंत्रज्ञान एकच असले तरी ही दोन दुखणी निराळी आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. जाहिरातींत मात्र दोघांनाही एकच बाटली दाखवली जाते. म्हणून उत्तर देताना प्रश्न कुठून आला आहे, हे आधी पाहिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही शहराच्या मध्यवस्तीत राहतो. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात, तरी रात्री नऊच्या सुमारास साधा व्हिडिओही अडखळतो. पहाटे मात्र वेग उत्तम असतो. कंपनी म्हणते, टॉवरमध्ये दोष नाही. मग दोष आहे कुठे?

उत्तर : कंपनी बहुधा खरेच सांगत असावी, पण अर्धेच. फोनवरच्या काड्या टॉवरचा सिग्नल किती जोरकस पोहोचतो एवढेच दाखवतात. त्या क्षणी टॉवरवर किती जणांचा भार आहे, हे त्यांतून कळत नाही. मोबाइलचा टॉवर साधारणपणे आपला परिसर तीन दिशांना वाटून घेतो. अशा एका भागाला सेक्टर म्हणतात आणि सेक्टरची जी काही क्षमता असेल, ती त्या भागातल्या सर्व ग्राहकांना मिळून वापरावी लागते.

आता आकडे पाहू. फोर-जीच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यावर (पट्टा म्हणजे रेडिओलहरींचा वापरायला दिलेला एक ठरावीक भाग), दोन अँटेनांच्या साध्या रचनेत, कागदावरचा कमाल वेग सेकंदाला १५० मेगाबिट येतो. हा वेग टॉवरच्या जवळ आणि एकट्यानेच वापर करणाऱ्या ग्राहकाचा आहे. सेक्टरच्या कडेला किंवा दोन-तीन भिंतींआड बसलेल्या ग्राहकाशी टॉवरला सावकाश आणि जास्त खबरदारी घेऊन बोलावे लागते, आणि तेवढ्याच माहितीसाठी त्याच्यावर अधिक वेळ खर्च होतो. सगळ्यांची सरासरी काढली की त्याच पट्ट्यातून ३० ते ४० मेगाबिट हाती लागतात. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओला सुमारे ५ मेगाबिट लागतात, असे धरले तर ४० मेगाबिटच्या सेक्टरमध्ये आठ घरांत एकाच वेळी व्हिडिओ लागला की क्षमता संपली. नववे घर आले म्हणून कोणाला नकार मिळत नाही. सर्वांचाच वेग थोडा उतरतो, आणि विसावे घर आले की चित्र थांबत थांबत चालू लागते. पहाटे ही घरे झोपलेली असतात, एवढाच काय तो फरक.

क्षमता वाढवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, अधिक स्पेक्ट्रम, म्हणजे वापरायला लहरींचे आणखी पट्टे. दुसरा, त्याच स्पेक्ट्रममधून जास्त माहिती काढणारे तंत्र, फाइव्ह-जीमध्ये ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास १०० मेगाहर्ट्झ रुंदीचे पट्टे आणि डझनावारी अँटेनांचे फलक वापरतात ते यासाठीच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने फाइव्ह-जीसाठी जे निकष ठरवले, त्यांत दाट शहरी वस्तीत प्रत्येक हर्ट्झमागे सेकंदाला सरासरी ७.८ बिट आणि ग्रामीण भागात ३.३ बिट उतरवण्याची अपेक्षा आहे. निकष ठरवणाऱ्यांनीच शहर आणि गाव यांना निरनिराळी मापे लावली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तिसरा मार्ग सर्वांत जुना आणि सर्वांत परिणामकारक: टॉवरचे क्षेत्र लहान करायचे आणि त्यांची संख्या वाढवायची, म्हणजे तोच पट्टा थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा पुन्हा वापरता येतो. शहरात विजेच्या खांबांवर आणि इमारतींच्या कोपऱ्यांवर छोटी यंत्रे बसवतात, ती याचसाठी. मात्र अशा प्रत्येक यंत्रापर्यंत फायबर न्यावी लागते. बिनतारी जाळे जितके दाट, तितकी जमिनीखालची तार जास्त. आणि रस्ते खोदण्याची परवानगी मिळत नाही म्हणून कित्येक ठिकाणी नेमके इथेच काम अडते.

तुम्ही एवढे करावे: आठवडाभर सकाळी, दुपारी आणि रात्री एकाच जागी बसून वेग मोजावा, आकडे वेळेसह लिहून ठेवावेत आणि कंपनीला ‘दोष आहे का’ असे न विचारता ‘या सेक्टरची क्षमता केव्हा वाढवणार’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ एवढे उत्तर पुरते. दुसऱ्याला पुरत नाही.

प्रश्न : आमच्या गावात फायबर नाही, पण सहा किलोमीटरवरच्या मोठ्या गावात ती पोहोचली आहे. मधे शेती, थोडी झाडी आणि एक ओढा आहे. तिथून बिनतारी जोडणी आणता येईल का? की हे केवळ मोठ्या कंपन्यांचे काम आहे?

उत्तर : आणता येते, आणि ते काम गावकऱ्यांनी केल्याची उदाहरणेही आहेत. नेपाळमधील म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी या डोंगराळ गावी महावीर पुन यांनी अशीच दुवे जोडत बिनतारी जोडणी नेली आणि मग ती आसपासच्या गावांत पसरवली; या कामासाठी त्यांना २००७ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्पेनमधील कॅटलोनियात २००४ मध्ये सुरू झालेले ‘ग्विफी’ हे जाळे तर ग्रामीण भागाकडे कंपन्या फिरकत नव्हत्या म्हणूनच लोकांनी आपापल्या छतांवर अँटेना बसवून उभे केले. पुढे त्यांनी फायबरही टाकली.

आता तुमच्या सहा किलोमीटरकडे वळू. दोन टोकांना एकमेकांकडे रोखलेले दिशादर्शी अँटेना लागतील. बहुतेक देशांत ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा काही भाग मर्यादित शक्तीने परवान्याशिवाय वापरू देतात आणि अशा दुव्यांसाठी तोच सर्वाधिक वापरला जातो; तुमच्याकडे कोणता भाग आणि किती शक्ती चालते, हे उपकरण घेण्याआधीच तपासा. पहिली अट ही की एका टोकावरून दुसरे टोक दिसले पाहिजे. बरेच जण इथेच थांबतात आणि फसतात. दुर्बिणीतून समोरचा खांब दिसला म्हणजे काम झाले असे नाही, कारण लहरी दोऱ्यासारख्या एका रेषेत जात नाहीत. त्यांना रेषेच्या भोवती मोकळी जागा लागते, आणि ही जागा मध्यावर सर्वांत रुंद असते. ५.८ गिगाहर्ट्झवर सहा किलोमीटरच्या दुव्याला मध्यभागी जवळजवळ ९ मीटर त्रिज्येची ही पोकळी लागते. तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. तिचा किमान ६० टक्के भाग मोकळा हवा, असा प्रघात आहे. म्हणजे दृष्टिरेषेच्या खाली सव्वापाच मीटरपर्यंत झाडाचा शेंडासुद्धा नको. पृथ्वीच्या गोलाईमुळे मधली जमीन आणखी अर्धा मीटर वर येते, ती वेगळी.

म्हणून ओढ्याकाठची झाडी मोजून घ्या, आणि आजची उंची नव्हे, पाच वर्षांनंतरची धरा. पानगळीच्या दिवसांत उभारलेला दुवा पालवी फुटल्यावर कमजोर होतो आणि ओल्या पानांतून तर सिग्नल फारच शोषला जातो. पावसाचे भय मात्र या पट्ट्यात फारसे नाही. पावसाचे थेंब खरा त्रास देतात तो साधारण १० गिगाहर्ट्झच्या वर. त्यामुळे ७० ते ८० गिगाहर्ट्झचे अतिवेगवान दुवे थोड्याच अंतरासाठी वापरतात, आणि ६० गिगाहर्ट्झला तर हवेतला ऑक्सिजनच किलोमीटरमागे सुमारे १५ डेसिबल खाऊन टाकतो, म्हणजे शक्ती जवळजवळ तीसपट कमी करतो.

मधे टेकडी आली म्हणून तिच्यावर पुढे पाठवणारे केंद्र उभे करावे लागले, तर तिथे दोन स्वतंत्र रेडिओ बसवा. एकच रेडिओ ऐकायला आणि पुढे पाठवायला ठेवला, की वेग निम्म्यावर येतो. असे दोन-तीन टप्पे झाले तर हाती काही उरत नाही. आणि सर्वांत जास्त लक्ष द्या ते विजेकडे. असे दुवे रेडिओच्या दोषाने क्वचित बंद पडतात. बंद पडतात ते बॅटरी उतरल्याने, अर्थिंग नीट न केल्याने आणि पहिल्याच वादळात वीज पडून यंत्र जळाल्याने. मोठ्या गावातल्या टोकाला वीज गेल्यावर तुमची बॅटरी किती भरलेली आहे याला काही अर्थ उरत नाही, म्हणून दोन्ही टोकांची सोय एकाच वेळी करा. या कामाला मोठी कंपनी लागत नाही; खांबावर चढणारा एक माणूस गावातच असावा लागतो, आणि त्याला त्याचा मोबदला नियमित मिळावा लागतो.

प्रश्न : प्रत्येक नवे तंत्र आधी शहरांत येते आणि गावांना वर्षानुवर्षे ताटकळत ठेवते. हे तंत्राच्या मर्यादेमुळे होते, की इच्छाशक्तीच्या अभावामुळे?

उत्तर : तंत्राचे कारण थोडे, हिशेबाचे मोठे. एका टॉवरचा खर्च शहरात हजारो ग्राहकांवर वाटला जातो आणि विरळ वस्तीत काही डझनांवर. वीज, रस्ता आणि मागची जोडणी (टॉवरला मुख्य जाळ्याशी जोडणारा दुवा) यांचा खर्च मात्र विरळ वस्तीत उलट वाढतो.

तंत्राची बाजू अशी. लहरींची वारंवारिता जितकी कमी, तितक्या त्या लांब जातात आणि आडोशाला वळसा घालतात. एकाच प्रकारचे अँटेना धरले तर मोकळ्या हवेतही ७०० मेगाहर्ट्झच्या मानाने ३५०० मेगाहर्ट्झवर पोहोचणारी शक्ती पंचवीसपट कमी भरते. त्यामुळे गावांसाठी खालचे पट्टे सोन्यासारखे आहेत. पण ते अरुंद असतात, म्हणून त्यांतून लांबवर जाता येते पण फार काही नेता येत नाही. टीव्हीचे प्रक्षेपण डिजिटल झाल्यावर यातली काही जागा मोकळी झाली आणि २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेपासून ती मोबाइल ब्रॉडबँडकडे वळू लागली. फाइव्ह-जीचे निकष ठरत असताना, टॉवर एकमेकांपासून सहा किलोमीटर दूर असलेल्या ग्रामीण रचनेचीही चाचणी व्हावी, असा आग्रह भारतीय तज्ज्ञांनी धरला आणि ती कसोटी समाविष्ट झाली. मूळ ग्रामीण कसोटीत हे अंतर पावणेदोन किलोमीटरच्या आत होते. पावणेदोन किलोमीटरवर टॉवर असलेले खेडे कोणी पाहिले आहे, हा प्रश्न तिथे कोणाला आधी पडला नव्हता, याचे आश्चर्य वाटते.

इच्छाशक्तीचे म्हणाल, तर तिने फरक पडतो याचा दाखला जर्मनीत आहे. २०१० साली तिथे ८०० मेगाहर्ट्झ पट्ट्याचा लिलाव झाला, तेव्हा परवान्यातच अशी अट घातली होती की पाच हजारांपेक्षा कमी वस्तीच्या, ब्रॉडबँड नसलेल्या गावांना आधी जोडायचे, मग त्याहून मोठ्यांना, आणि या पट्ट्यावर शहरांची पाळी शेवटी. टप्प्यातल्या ९० टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचल्याशिवाय पुढच्या टप्प्यात पाऊल टाकायचे नाही. त्याच वर्षी फिनलंडने सेकंदाला १ मेगाबिटची जोडणी हा प्रत्येक नागरिकाचा कायदेशीर हक्क ठरवला. ऑस्ट्रेलियाने आपल्या राष्ट्रीय जाळ्याच्या मूळ आराखड्यातच ९३ टक्के घरांना फायबर आणि उरलेल्या ७ टक्क्यांना स्थिर बिनतारी जोडणी किंवा उपग्रह, अशी सरळ विभागणी केली होती. पुढे फायबरचा वाटा राजकारणात कमी झाला, पण दूरच्या घरांसाठी हवेतला मार्ग कायम राहिला. या सर्वांत मला जर्मनीची पद्धत अधिक पटते. स्पेक्ट्रम एकदा विकून टाकल्यावर गावांसाठी अनुदान देत बसण्यापेक्षा विकतानाच अट घालणे स्वस्त पडते आणि तिची तपासणीही करता येते.

मात्र टॉवर उभा राहिला की काम संपले, असेही समजू नये. मोबाइल ब्रॉडबँडचे जाळे जगातल्या सुमारे ९५ टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचलेले आहे. तरी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार शहरांतले ८३ टक्के लोक इंटरनेट वापरतात आणि ग्रामीण भागात हे प्रमाण ४८ टक्के आहे. त्याच अंदाजातल्या, इंटरनेटपासून दूर असलेल्या २६० कोटी लोकांपैकी बहुतेकांच्या डोक्यावर सिग्नल आहेच. फोन परवडत नाही, वाचता येत नाही, आपल्या भाषेत उपयोगाचे काही सापडत नाही, ही कारणे कोणत्याही लहरीने सुटणारी नाहीत.

प्रश्न : २००५ च्या सुमारास ‘वायमॅक्स’ येणार आणि एका टॉवरवरून ५० किलोमीटरपर्यंत ७० मेगाबिटचा वेग मिळणार, असे आम्ही वाचत होतो. ते गेले कुठे? आताच्या घोषणांवर विश्वास का ठेवावा?

उत्तर : तुमची शंका योग्य आहे. दोन्ही आकडे खरे होते, फक्त ते एकाच वेळी मिळणारे नव्हते. ७० मेगाबिट मिळत ते टॉवरच्या जवळ आणि रुंद पट्ट्यावर. ५० किलोमीटर गाठता येत ते उंच खांब, मोकळी दृष्टिरेषा आणि फारच कमी वेग स्वीकारला तर. ‘आणि’ या शब्दाने दोन वाक्ये जोडली गेली आणि ग्राहकांची अपेक्षा आकाशाला भिडली.

वायमॅक्सचे तंत्र वाईट नव्हते. त्याचे स्थिर जोडणीचे मानक २००४ चे आणि चालत्या फिरत्या वापराचे २००५ चे. २००७ मध्ये त्याला थ्री-जीच्या आंतरराष्ट्रीय कुटुंबात जागाही मिळाली. पण जगातल्या बहुतेक मोबाइल कंपन्यांनी आपल्या जुन्या जाळ्यांशी जुळणाऱ्या ‘एलटीई’ची, म्हणजे आज आपण फोर-जी म्हणतो त्या तंत्राची, वाट धरली. डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ओस्लो इथे तिची पहिली व्यावसायिक सेवा सुरू झाली, हँडसेट तिच्यासाठी बनू लागले आणि वायमॅक्सची उपकरणे महाग व दुर्मिळ राहिली. बिनतारी तंत्रात जिंकते ते सहसा सर्वोत्तम तंत्र नसते. ज्याचे यंत्र लाखोंनी बनते, ते जिंकते.

शहरांचीही अशीच एक फसगत त्या काळात झाली. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने २००४ मध्ये साऱ्या शहरावर वाय-फाय पसरवण्याची योजना जाहीर केली. रस्त्यावरच्या खांबांवरून निघालेला २.४ गिगाहर्ट्झचा दुबळा सिग्नल घरांच्या भिंती ओलांडेना, ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त यंत्रे लागू लागली, आणि २००८ मध्ये हे जाळे उभारणारी ‘अर्थलिंक’ ही कंपनी त्यातून बाहेर पडली. घोषणा वाचताना म्हणून तीन गोष्टी शोधाव्यात: हा वेग किती अंतरावरचा आहे, किती जणांत वाटलेला आहे आणि घराबाहेरचा आहे की घरातला. तिन्हींपैकी एकही छापलेली नसेल, तर आकडा वाचला नाही असे समजावे.

प्रश्न : आमच्या नव्या इमारतीच्या दारात फाइव्ह-जी उत्तम चालते आणि घरात शिरताच नाहीसे होते. इमारत टॉवरपासून दोनशे मीटरवरच आहे.

उत्तर : खिडक्यांच्या काचा पाहा. उष्णता अडवण्यासाठी नव्या इमारतींत काचेवर धातूचा अतिशय पातळ थर देतात. डोळ्यांना तो दिसत नाही, रेडिओलहरींना तो भिंतीसारखा वाटतो. अशी काच २० ते ३० डेसिबल सिग्नल खाऊ शकते. वीस डेसिबल म्हणजे शक्ती शंभरपट कमी आणि तीस म्हणजे हजारपट. २६ किंवा २८ गिगाहर्ट्झचा सिग्नल तर अशा काचेतून आत येतच नाही म्हटले तरी चालेल. घरासाठी स्थिर बिनतारी जोडणी घेणार असाल, तर ग्रहण करणारा भाग गच्चीत किंवा खिडकीच्या बाहेर बसवून तार आत आणा. कंपनीचा माणूस राउटर टेबलावर ठेवून ‘सगळे चालू आहे’ म्हणत निघू लागला, तर त्याला थांबवा. जोडणी तपासतानाही संगणक आधी तारेने राउटरला जोडून वेग पाहा. घरातले वाय-फाय मंद असेल, तर त्याचा दोष टॉवरला लावण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आता उपग्रहावरून थेट इंटरनेट मिळते. मग गावोगावी टॉवर कशाला हवेत?

उत्तर : जुने दळणवळण उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तुमची विनंती वर जाऊन खाली येणार आणि उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येणार. प्रकाशाच्या वेगानेही या चार फेऱ्यांना जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. व्हिडिओ पाहायला ते चालते, बोलायला त्रासाचे होते. मे २०१९ पासून ‘स्टारलिंक’ने सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर उपग्रहांचे थवे सोडायला सुरुवात केली आणि ही अडचण बहुतांशी मिटली. वाळवंट, बेट, दाट जंगल किंवा डोंगरातली एकटी घरे यांच्यासाठी याहून चांगला मार्ग आज नाही.

पण उपग्रहाच्या एका झोताखाली मोठा प्रदेश येतो आणि त्या झोताची क्षमता त्या प्रदेशातल्या सर्व ग्राहकांत वाटली जाते. वस्ती विरळ असेल तोवर हे चांगले चालते, दाट झाली की पहिल्या प्रश्नातली रात्रीची कोंडी इथेही उभी राहते, आणि आकाशात खांब वाढवणे जमिनीवर वाढवण्याइतके सोपे नाही. दोनशे घरांच्या गावासाठी एक टॉवर आणि त्याच्या मागे फायबर हीच व्यवस्था अधिक टिकाऊ. फायबर पोहोचेपर्यंत त्या टॉवरची मागची जोडणी उपग्रहावरून घेणे, हा मात्र चांगला मधला मार्ग आहे.

प्रश्न : शाळेजवळ टॉवर होऊ नये म्हणून आमच्याकडे सह्यांची मोहीम सुरू आहे. किरणोत्सर्गाची भीती खरी आहे का?

उत्तर : मोबाइलच्या लहरी अणूंतून इलेक्ट्रॉन काढण्याइतक्या शक्तिमान नसतात, त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींचे तापणे, आणि मर्यादा त्यावरूनच ठरवल्या आहेत. अशा लहरींपासून संरक्षणाच्या मर्यादा सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या २०२० च्या सुधारित निकषांनुसार २ गिगाहर्ट्झच्या वर सर्वसामान्य नागरिकांसाठी ही मर्यादा चौरस मीटरला १० वॅट आहे. ४० वॅटचा प्रक्षेपक आणि शक्ती पन्नासपट एकवटणारा अँटेना धरला, तरी त्याच्या मुख्य झोतात ५० मीटरवर चौरस मीटरला ०.०६ वॅटच्या आसपास भरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात ठेवले, हे खरे. ते मुख्यतः कानाला लावलेल्या फोनच्या मर्यादित पुराव्यावरून. आणि टॉवर दूर गेला की तोच फोन जास्त शक्तीने बोलू लागतो. सह्या करायच्याच असतील, तर टॉवरच्या बांधकामाची मजबुती आणि डिझेल जनरेटरचा धूर यांची तपासणी मागा.

प्रश्न : मी गावातून ऑनलाइन वर्ग घेते. मला विद्यार्थी स्वच्छ दिसतात आणि ऐकू येतात, पण माझा आवाज त्यांच्याकडे तुटत जातो. वेग तपासला तर ३० मेगाबिट दाखवतो.

उत्तर : तो ३० हा उतरणारा (डाउनलोडचा) वेग आहे, चढणारा (अपलोडचा) वेग त्याच्या खाली लहान अक्षरांत दिलेला असतो, तो पाहा. टॉवर दहापट-वीसपट नव्हे, शेकडोपट जास्त शक्तीने बोलतो. त्याचा प्रक्षेपक ४० वॅटच्या आसपासचा असतो आणि फोनचा साधारण ०.२ वॅटचा. त्यामुळे सेक्टरच्या कडेला असे होते की टॉवरचे बोलणे तुमच्यापर्यंत पोहोचते, पण तुमचे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. भरीला, नव्या जाळ्यांतल्या बऱ्याच पट्ट्यांवर एकच वाट वेळ वाटून दोन्ही दिशांना वापरतात आणि त्यातला तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त वेळ उतरणाऱ्या माहितीला दिलेला असतो, कारण बहुसंख्य ग्राहक पाहणारे असतात, बोलणारे नव्हेत.

वर्ग घेताना फोन खिडकीशी टॉवरच्या दिशेला ठेवा, किंवा छतावर दिशादर्शी अँटेना असलेला स्थिर ग्राहक-संच बसवा. अँटेना दोन्ही बाजूंनी काम करतो, त्यामुळे त्याने जितका ऐकण्यात फायदा होतो तितकाच बोलण्यातही होतो. फोनमध्ये पट्टा निवडण्याची सोय असेल, तर खालच्या वारंवारितेचा पट्टा धरून पाहा. वर्गापुरता तुमचा व्हिडिओ कमी दर्जाचा ठेवला, तर १ मेगाबिट चढता वेगही पुरतो, आणि आवाजाला तर त्याचा दहावा हिस्साही लागत नाही. नवी जोडणी घेताना संध्याकाळच्या वेळी किमान किती चढता वेग मिळेल, हे कंपनीकडून लेखी घ्या. जाहिरातीत तो आकडा सापडणार नाही.